जुन्या होडीवरून फायबरचा साचा: मेणाला हात लावण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल. देवगडकडे तुमच्या आजोबांची २० फुटी लाकडी होडी आहे. तिचा घाट उत्तम, लाटेवर छान बसते, म्हणून तिच्यावरूनच साचा काढून फायबरच्या होड्या करायचं तुम्ही ठरवलंत. जुना रंग खरवडला, फटींत पुट्टी भरली, वरून दुकानातला ऑइल पेंट दोन हात मारला आणि चार दिवस ठेवला. मग सांध्यांवरचे उंचवटे घासून घेतले, तासाभरात मेणाचे तीन हात दिले आणि लगेच जेलकोट (साच्याचा पहिला, रंगीत रेझिनचा थर) मारला. वर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) बसवून दोन दिवसांनी काढायला गेलात तर कडेला रंगाला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. फळ्यांच्या सांध्यांवर जिथे घासताना लाकूड उघडं पडलं होतं, तिथे जेलकोट आतल्या बाजूने अजून चिकट. बाकी साचा होडीला असा धरून बसलाय की पाचर शिरत नाही. डब्यात उरलेला जेलकोट मात्र दगडासारखा झाला, म्हणजे हार्डनर बरोबर होता. मग चुकलं कुठे, आणि पुढच्या वेळी रंगानंतर किती दिवस थांबायचं?

दिवसांचे आकडे पुढे देतोच. पण ऑइल पेंट तुम्ही चार दिवसांऐवजी चाळीस दिवस ठेवला असतात तरी माझ्या मते काम फसलंच असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तीस वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्याकडे आलेल्या फसलेल्या साच्यांपैकी बहुतेकांची चूक जेलकोटच्या आधीच, पृष्ठभागात झालेली होती.

तुमच्या बाबतीत एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत.

पहिली रंगाची. आपण वापरतो त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये वजनाने साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरिन असतं. ते पुढे रेझिनबरोबर जोडलं जाऊन घट्ट होतं, पण तोवर ते जबरदस्त थिनर असतं. म्हणजे जेलकोट मारल्यापासून तो धरेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास तुमच्या रंगावर थिनरचा ओला थर बसून होता. ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो. वरची साय आधी धरते, आतला भाग कित्येक आठवडे मऊ राहतो. स्टायरिन आत शिरलं की ती साय फुगते, फुगायला बाजूला जागा नसते, म्हणून ती उभी दुमडते. रंग काढायचं रिमूव्हर लावल्यावर जशा सुरकुत्या येतात तशाच या. साचा रुतून बसला तोही यामुळेच: सुजलेला रंग आणि जेलकोट एकमेकांत मिसळले.

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, पुट्टी आणि प्रायमरचं तर याहून वाईट. ते फक्त थिनर उडून वाळतात, त्यांच्यात कुठलीही रासायनिक जोडणी होत नाही. वर्षभर जुना एनसी रंगसुद्धा थिनरने पुन्हा विरघळतो. गाडीच्या गॅरेजमध्ये ती स्वस्त आणि हाताशी असते म्हणून नवीन मुलं प्लगवर, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढायचा त्या नमुन्यावर, वापरतात. वापरू नका.

दुसरी गोष्ट सांध्यांची. तिथे रंग घासून निघाला होता, तरी जेलकोट चिकट राहिला, म्हणजे दोष लाकडातच आहे. आजोबांच्या वेळची होडी म्हणजे तिला दर वर्षी काजूच्या टरफलाचं तेल किंवा माशाचं तेल पाजलेलं असणार; घरात विचारून बघा. लाकूड टिकवायला ते तेल फार चांगलं. पण काजूच्या टरफलाचं तेल रसायनाच्या भाषेत फिनॉलच्या जातीचं आहे. रेझिन ड्रममध्येच गोठू नये म्हणून कारखान्यात त्यात हायड्रोक्विनोन अगदी थोडं घालतात, तेही फिनॉलच. रेझिन धरण्याची जी साखळी हार्डनर सुरू करतो, ती हे फिनॉल मध्येच तोडतं. तेव्हा तेल मुरलेल्या लाकडावर तुम्ही हार्डनर दुप्पट केलात तरी लाकडाला लागलेला थर चिकटच राहील. सागवान आणि शिसम यांच्या अंगच्या तेलानेही हा त्रास होतो, म्हणून उघड्या लाकडावर थेट पॉलिएस्टर मी कधीच जाऊ देत नाही.

डब्यातल्या जेलकोटवरून निष्कर्ष काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. डब्यात माल जाड असतो, त्यात स्वतःची उष्णता साठते आणि तो लवकर, पूर्ण धरतो. तोच माल अर्धा मिलिमीटर जाडीने पसरला की उष्णता निघून जाते. त्यामुळे डबा पक्का झाला म्हणजे थर पक्का झाला, असं होत नाही. आणि चिकटपणा कुठल्या बाजूला आहे हे नेहमी आधी बघा. हवेकडची बाजू चिकट राहणं स्वाभाविक आहे, कारण प्राणवायू तिथली जोडणी अडवतो. पुढचा थर त्यामुळेच चांगला धरतो. प्लगकडची बाजू चिकट असेल तर मात्र दोष पृष्ठभागाचा किंवा थर फार पातळ गेल्याचा.

तिसरी गोष्ट मेणाची, तिच्याकडे नंतर येतो. मेण हे सुटण्यासाठी आहे. स्टायरिन अडवण्याचं काम त्या पातळ थराकडून होत नाही. खालचा रंग कच्चा असेल तर मेणाचे दहा हातही त्याला वाचवत नाहीत.

आता आहे त्या साच्याचं काय? मला वाईट वाटतं, पण तो सोडून द्या. तुकड्यांनी कापून, सोलून काढा; ग्राइंडर लावताना पात्याची खोली होडीच्या फळीला लागणार नाही इतकीच ठेवा. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा, काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये. चिकट राहिलेला जेलकोट आधी पटाशीने खरवडा, मग ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. ऑइल पेंट एकूण एक निघाला पाहिजे. "एवढासा राहिला तर चालेल" असं म्हणून त्यावर पुढचं काम करू नका, त्या एवढ्याशा जागेतूनच पुन्हा सुरकुती निघते.

पुढचं पाऊल टाकण्याआधी एक विनंती. होडी उघडी आहे तोवर दर दोन फुटांवर पुठ्ठ्याचे किंवा हार्डबोर्डचे आडवे फर्मे कापून घ्या, नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि मागच्या टोकाचा वेगळा फर्मा घ्या, सगळ्यांवर अंतर लिहून ठेवा. आता हिच्यावर पुट्टी आणि फायबर चढणार आहे, त्यानंतर ही होडी पुन्हा लाकडी होडी म्हणून पाण्यात जाणार नाही. तो घाट ज्याने डोळ्याने आणि हाताने काढला, त्याचं माप तुमच्याकडे राहिलं पाहिजे. फर्म्यांचा कामालाही उपयोग आहे: डावा फर्मा उलटा करून उजवीकडे लावला की होडी वर्षांत किती वाकली ते कळतं. जुन्या होड्या बहुधा एका अंगाला बसलेल्या असतात. तो फरक पुट्टीने भरून काढायची हीच वेळ.

मग वाळवण. होडी समुद्रात राहिलेली आहे, लाकडात मीठ आहे, आणि मीठ हवेतून ओल ओढतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. नंतर सावलीत, वारा लागेल अशी उपडी घालून ठेवा. थेट मे महिन्याच्या उन्हात टाकलीत तर फळ्या तडकतील. लाकडाची ओल मोजायचं मीटर मिळालं तर १२ टक्क्यांच्या आसपास आली की पुढे जा. मीटर नसेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर लाकूड अजून ओलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हे लाकूड कधीच पुरेसं वाळत नाही, त्यामुळे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या मोकळ्या असतात म्हणून साच्याचं काम तेव्हा काढायचा मोह टाळा. माझ्या शेडमध्ये नवीन साचा डिसेंबर ते फेब्रुवारीतच निघतो. ऊब पुरेशी असते, हवेत ओल कमी असते.

तेलाचा बंदोबस्त एकाच गोष्टीने होतो: इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून धरणारं वेगळ्या जातीचं रेझिन. इपॉक्सीची जोडणी वेगळ्या प्रकारची आहे, फिनॉल तिला अडवत नाही. पण तेलकट लाकडाला ती नीट चिकटत नाही, म्हणून रंध्याने किंवा ६० नंबरच्या पेपरने वरचा काळा थर काढा, ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसा, आणि फडकं दर दोन-तीन हातांनी बदला. घाणेरड्या फडक्याने पुसणं म्हणजे तेल इथून तिथे नेणं. फटींत इपॉक्सीचीच पुट्टी भरा. मग सगळ्या होडीला इपॉक्सीत भिजवलेलं पातळ काचेचं कापड एक थर लपेटा. यामुळे लाकडाची फळीन् फळी एक कवच बनते, सांधे हलत नाहीत, आणि आतलं तेल आतच राहतं. इपॉक्सीसाठी साधी मॅट घेऊ नका, कारण मॅटचा बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी बनवलेला असतो. इपॉक्सीत ती नीट बसत नाही.

इपॉक्सीला इथे पूर्ण वेळ द्यायचा. ३० अंशांच्या आसपासच्या हवेत ती दुसऱ्या दिवशी कडक लागते, पण पूर्ण जोडणीला आठवडा धरा. कच्च्या इपॉक्सीतला अमाइन हार्डनर पॉलिएस्टरला धरू देत नाही, म्हणजे तेलातून सुटून पुन्हा त्याच दुखण्यात अडकाल. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पेपरने घासू नका, पेपर भरून जाईल आणि थर आत चोळला जाईल. आधी साध्या पाण्याने आणि घासणीच्या हिरव्या पॅडने धुवा, वाळू द्या, मग ८० नंबरने खरखरीत करा.

यावर घाट गुळगुळीत करण्यासाठी पॉलिएस्टर पुट्टी चालेल. तीही गॅरेजमध्ये मिळते, पण ती एनसी नव्हे, ट्यूबमधल्या पेस्टच्या हार्डनरची. तिचा हार्डनर डोळ्याने टाकू नका, वजनाने टाका. कमी पडला तर पुट्टी आत मऊ राहते, जास्त पडला तर उरलेलं पेरॉक्साइड वरच्या थरात उतरून डाग आणि बुडबुडे करतं. जाड खड्डा एकदम न भरता दोन-तीन पातळ थरांत भरा. हातातल्या छोट्या ठोकळ्याने घासू नका. दीड-दोन फूट लांब, जरा लवचीक फळीला पेपर लावून तिरपं, कर्णरेषेत घासा. छोटा ठोकळा खड्ड्याबरोबर खाली उतरतो, लांब फळी उंचवट्यावरच बसते. अधूनमधून काळ्या स्प्रेचा विरळ हात मारून घासलं की काळं राहील तिथे खोलगट आहे हे दिसतं. ते स्प्रे नंतर पूर्ण घासून काढायचे, कारण तेही साध्या लॅकरचेच असतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: शेवटचा थर कोणता आणि तो पक्का कसा ओळखायचा.

दोन पर्याय चांगले. पहिला, फवाऱ्याने मारायचा पॉलिएस्टर प्रायमर, जो खास साच्याच्या प्लगसाठी येतो. दुसरा, आपला नेहमीचा जेलकोट, फक्त शेवटच्या हातात वॅक्स सोल्यूशन घालून. रेझिनच्या दुकानात ते मिळतं, साधारण शंभराला दोन ते पाच या प्रमाणात. धरताना ते मेण वर येऊन हवा अडवतं, त्यामुळे थर चिकट न राहता पूर्ण कडक होतो आणि घासता येतो. मेणवाला हात शेवटचाच ठेवा. त्यावर आणखी थर द्यायची वेळ आली तर आधी घासून मेण काढावं लागेल, नाहीतर पापुद्रा सुटतो. तुमच्यासारख्या पहिल्याच साच्याला मी हा दुसरा पर्याय सुचवेन, कारण सगळा माल ओळखीचा आहे आणि पॉलिएस्टर पूर्ण धरल्यावर स्टायरिन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. टू-के पीयू (दोन भागांचा पॉलियुरेथेन) रंगही चालतो, पण त्याचा हार्डनर हवेतल्या ओलीशी भांडतो, दमट दिवशी चमक जाते किंवा बारीक बुडबुडे येतात. तो मारायचा तर कोरडा दिवस बघा, फवाऱ्याच्या वेळी योग्य मास्क लावा, आणि नंतर किमान आठ-दहा दिवस हात लावू नका.

जेलकोटचा थर पुरेसा जाड हवा. अर्ध्या मिलिमीटरला चौरस मीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम माल लागतो. २० फुटी अरुंद होडीचं बाहेरचं अंग १४-१५ चौरस मीटर धरलं तर एका हाताला नऊ किलो. पाच किलोत होडी झाली असेल, तर थर पातळ गेला आहे आणि तो कधीच पूर्ण धरणार नाही. पातळ थरातून धरण्याआधीच स्टायरिन उडून जातं.

मारल्यावर एक दिवसाने पहिलं घासणं करा, २२० नंबरने. याने वरचं मेण निघतं आणि राहिलेल्या स्टायरिनला बाहेर पडायला वाट मिळते. मग सात दिवस सोडा. आठव्या दिवशी उष्णता द्या. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. साचा काढताना वरच्या मॅटच्या थरांना स्वतःची उष्णता असते, ती प्लगला ५० अंशांच्या वर नेऊ शकते. प्लगच्या पुट्टीने आणि थराने तेवढी उष्णता आधी कधी पाहिलेली नसेल, तर तेव्हा पहिल्यांदा त्या आणखी धरतात, आकसतात, आतली हवा आणि स्टायरिन सोडतात. हे सगळं तुमच्या ओल्या जेलकोटखाली होतं. पुट्टीच्या कडांचा नकाशा साच्यावर उमटतो तो असा. म्हणून ते आकसणं आधीच करून घ्यायचं. रेझिनवाले खोलीच्या तापमानाला २४ तास आणि त्यानंतर ४० अंशांत १६ तास असा हिशेब देतात. आपल्याकडे त्यासाठी भट्टी लागत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये प्लगवर काळी ताडपत्री तंबूसारखी, न टेकवता घालून दोन-तीन दिवसांच्या दुपारी मिळवल्या तरी तेवढं होतं. आत एक साधा थर्मामीटर टांगा, ५५-६० च्या वर जाऊ देऊ नका, लाकूड आतून तडकेल.

आणि शेवटचं बारीक घासणं या उष्णतेनंतरच करायचं. आधी केलंत तर आकसल्यावर ओरखडे आणि पुट्टीच्या कडा पुन्हा वर येतात आणि सगळं परत करावं लागतं. १९९७ साली मी एका केबिनच्या टपाचा प्लग असा आरशासारखा घासून, पॉलिश करून ठेवला, घाईत थेट मेण लावलं. पावसाला आठवडाच उरला होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. साचा निघाला, पण पुट्टीचा प्रत्येक ठिपका त्यात दिसत होता, एका कोपऱ्यात जेलकोट प्लगबरोबर उपटून आला. अकरा दिवसांचं काम गेलं. त्या गिऱ्हाइकाला मी दुसरा साचा माझ्या खर्चाने करून दिला, आणि तेव्हापासून ताडपत्रीचे तीन दिवस मी कधी वाचवले नाहीत.

पक्कं झालं का हे कॅलेंडरला विचारू नका, पृष्ठभागाला विचारा. नख दाबा, खूण राहता कामा नये. पांढरं फडकं ॲसिटोनमध्ये भिजवून एका जागी मिनिटभर धरा: रंग उतरला, पृष्ठभाग मऊ किंवा चिकट लागला, तर थांबा. रात्री एक कोपरा प्लास्टिकने घट्ट झाका आणि सकाळी काढल्या काढल्या नाक जवळ न्या. स्टायरिनचा वास ओळखीचा असतो. तो भरून येत असेल तर थर अजून सोडतोय. मोठ्या कारखान्यात बारकोल नावाचं कडकपणा मोजायचं यंत्र असतं, आपलं या तिघांवर भागतं.

पण खरी परीक्षा चौथी, आणि ती केल्याशिवाय पूर्ण साच्याला हात घालू नका. होडीची सगळ्यात संशयास्पद जागा निवडा, तुमच्या बाबतीत पूर्वी चिकट राहिलेला एखादा सांधा. तिथे फूटभर चौकोनात पूर्ण क्रिया करा: मेण, पीव्हीए (मेणावरचा सुटण्यासाठीचा पातळ थर, पुढे सांगतो), जेलकोट, एक थर मॅट. २४ तासांनी पाचरीने उचला. तुकडा टक्कन सुटला, त्याची आतली बाजू कडक आणि चमकदार असली, खाली प्लगवर डाग किंवा सुरकुती नसली, तर पुढे. नाहीतर नऊ किलो जेलकोट वाचला. हा तुकडा तारीख लिहून जपून ठेवा, पुढच्या कामाला ताडून बघता येतो.

परीक्षा पास झाल्यावर ४०० पासून ६००, ८००, १००० पर्यंत पाण्याने घासा. मासेमारीच्या होडीला याहून बारीक जायची मला गरज वाटत नाही. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे मागचे ओरखडे गेले का ते कळतं. नंतर रबिंग कंपाउंड, पण सिलिकॉन नसलेलं. गाडीच्या डॅशबोर्डची चमक आणणारे स्प्रे शेडमध्येसुद्धा आणू नका. सिलिकॉनचा कण जिथे बसेल तिथे पीव्हीए आणि जेलकोट माशाच्या डोळ्यासारखे गोल फाटतात आणि ते कशानेही जात नाही. पाण्याने घासल्यावर एक दिवस वाळू द्या.

आता मेण. कार्नोबा असलेलं, साच्यासाठीचं घट्ट मेण घ्या. एका वेळी हात-दोन हातांएवढीच जागा घेऊन पातळ लावा, धुकट झालं की लगेच मऊ सुती कापडाने पुसून चमकवा. पूर्ण सुकू दिलंत तर रेघा उठतात. पुढचा हात किमान एक-दोन तासांनी. तुम्ही तासाभरात तीन हात दिलेत, तेव्हा प्रत्येक नव्या हातातल्या थिनरने मागचा हात विरघळवून फडक्यावर आणला. हिशेबाने तुमच्या होडीवर एकच हात होता. नव्या प्लगला सहा ते आठ हात द्या, चार झाल्यावर रात्रभर विश्रांती, शेवटच्यानंतरही रात्रभर. नाळ, कडा आणि तळाचा कणा या जागा एक-दोन हात जास्त मागतात, कारण कापड तिथे जोरात घासलं जातं.

मेणावर पीव्हीए. बऱ्याच जणांचा इथे नावाने घोटाळा होतो: आपल्याला हवं ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं, रंगीत पातळ द्रव. सुताराचं पांढरं डिंकासारखं ग्लूही पीव्हीए म्हणवतं, ते पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. ते लावलंत तर साचा कायमचा चिकटेल. पीव्हीए स्टायरिनमध्ये विरघळत नाही, म्हणून मेण करू शकत नाही ते थोपवण्याचं काम ते थोडंफार करतं, आणि पहिल्या साच्याला मी ते सक्तीचं मानतो. फवाऱ्याने पहिला हात अगदी धुकं पडावं तसा, वाळल्यावर दोन भरीव हात. फवारा नसेल तर बारीक स्पंजने एकाच दिशेने ओढा, मागे फिरवू नका. सकाळी दव असतं, त्यामुळे दहानंतर सुरू करा; बोटाला चिकट लागतंय तोवर जेलकोट मारू नका. ओल्या पीव्हीएवरचा जेलकोट धरत नाही.

साच्याचा स्वतःचा जेलकोट साच्यासाठीचाच घ्या, गडद रंगाचा, दोन हातांत मिळून पाऊण ते एक मिलिमीटर. रेझिनमध्ये एरोसिल आणि टाल्क (दाटपणासाठीच्या भुकट्या) कालवून घरी केलेला जेलकोट साच्याला टिकत नाही. आपल्या ३०-३२ अंशांत हार्डनर किलोला १२ ते १५ ग्रॅम ठेवा. उकाडा आहे म्हणून १० च्या खाली नेऊ नका, थर कायमचा कच्चा राहील. पहिला हात बोटाला चिकट लागतो पण बोटावर रंग येत नाही, तेव्हा दुसरा. त्यानंतर ३०० ग्रॅमच्या मॅटचा एकच थर, एकही बुडबुडा न ठेवता, आणि रात्रभर थांबा. पुढे दिवसाला ४५० च्या मॅटचे दोनच थर. एकाच दिवशी सगळी जाडी चढवली तर उष्णतेने साचा वेडावाकडा होतो. साच्याची जाडी होडीच्या जाडीच्या दुप्पट तरी हवी, आणि लोखंडी किंवा लाकडी आधार सगळे थर पक्के झाल्यावर, साचा प्लगवर असतानाच जोडा.

हे सगळं करताना दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. उडालाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. माझ्या शेडमध्ये पाण्याची बादली आणि मग हार्डनरच्या कपाटाशेजारीच असतात, आणि तिथे दुसरं काही ठेवायची कोणाला परवानगी नाही. हार्डनर पुसलेल्या चिंध्यांचा ढीग करू नका, पाण्यात टाका; त्या आपोआप पेटतात.

शेवटचा थर मारल्यावर साचा निदान आठवडाभर प्लगवरच राहू द्या. काढताना कडेने लाकडी पाचरी थोड्या थोड्या ठोका आणि फटीतून नळीचं पाणी सोडा, पीव्हीए विरघळून वाट करून देतं. लोखंडी पहार लावू नका. आणि साचा निघाला की त्याच दिवशी त्यातून होडी काढायला बसू नका. नवा साचाही अजून कच्चाच असतो, आणि कच्च्या साच्याला पहिला नग चिकटतो, अगदी तुमचा साचा होडीला चिकटला तसाच. त्यालाही ताडपत्रीखालच्या दोन-तीन दुपारी द्या, पीव्हीए धुवून पुन्हा सहा हात मेण लावा, आणि पहिल्या तीन होड्या पीव्हीए मारूनच काढा. चौथीपासून नुसत्या मेणावर सुटायला लागेल.